व्हॉल्व्ह तापू द्या, घाई नको!

ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर गेले. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र व्हॉल्व्ह अजूनही ठाण मांडून बसलाय. असा ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला, पुढे स्वतःच्या हातांनी बांधायला एखाद्या नवशिक्याला, तेही तालुक्याच्या गावी राहून, शिकता येतं का? येतं. अटी फक्त दोन: घाई करायची नाही आणि विजेशी मस्ती करायची नाही.

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती, हे सांगितलं तर कुणाला पटणार नाही. जगातल्या नामवंत वादकांनी ज्यांच्या गिटारी आणि ॲम्प्लिफायर डोक्यावर घेतले, तेच हे फेंडर! कॅलिफोर्नियातल्या एका संत्रा बागायतदाराच्या घरी १९०९ मध्ये त्यांचा जन्म झाला. लहानपणीच एक डोळा गेला. शिक्षण घेतलं ते हिशेबनिशीचं. मंदीच्या तडाख्यात नोकरी सुटली, तेव्हा १९३८ मध्ये फुलर्टन या गावात त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. होता तो फक्त लहानपणापासून रेडिओ उघडून पाहण्याचा नाद.

दुकानात गावचे वादक आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन येऊ लागले. दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करता करता ती कुठं मोडतात, का मोडतात, हे फेंडर यांच्या ध्यानात येत गेलं. मग त्यांनी स्वतःच बांधायला घेतली. १९४६ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली आणि १९६५ मध्ये सीबीएस या बड्या कंपनीनं ती १ कोटी ३० लाख डॉलर मोजून विकत घेतली.

लंडनची गोष्ट याहून गमतीची. जिम मार्शल हे तिथले ड्रम शिकवणारे गृहस्थ. १९६० मध्ये त्यांनी वाद्यांचं दुकान काढलं. दुकानात येणाऱ्या तरुण गिटारवादकांना दणदणीत आवाज हवा होता आणि अमेरिकेहून येणारा ॲम्प्लिफायर परवडत नव्हता. तेव्हा १९६२ मध्ये मार्शल यांच्या दुकानातले दुरुस्तीवाले केन ब्रान आणि ईएमआय कंपनीत उमेदवारी करणारा अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या ‘बासमन’ या ॲम्प्लिफायरचा आराखडा समोर ठेवून आपला ॲम्प्लिफायर बांधला. पहिले पाच नमुने पसंत पडले नाहीत, सहावा मनासारखा जमला. आज ‘मार्शल’ हे नाव ठाऊक नसलेला रॉक संगीताचा चाहता सापडणं कठीण!

दोन्ही गोष्टींचं सार एकच. गिटारचा ॲम्प्लिफायर घडला तो दुरुस्तीच्या टेबलावर. शिकणाऱ्यालाही आज तोच रस्ता धरावा लागतो. आधी दुरुस्ती, मग बांधणी.

पिरियापट्टणला काय परकं?

म्हैसूरहून मडिकेरीला जाताना हुणसूर मागे पडलं की पिरियापट्टण लागतं. तंबाखूची शेती आणि ती पानं सुकवण्याच्या भट्ट्या ही या तालुक्याची ओळख. बैलकुप्पे इथली १९६१ पासून वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहतही याच तालुक्यात. फेंडर यांच्या फुलर्टनला संत्री, इथं तंबाखू, एवढाच काय तो फरक. अशा गावातल्या एखाद्या मुलानं व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर शिकायचं मनावर घेतलं, तर घरचे म्हणतील, ‘अरे, ही परदेशी विद्या, तुला कोण शिकवणार?’

पण व्हॉल्व्ह या मुलखाला मुळीच परका नाही. याच जिल्ह्यात, म्हैसूर शहरात, १९३५ मध्ये महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरातून खासगी रेडिओ केंद्र सुरू केलं. त्याचं नाव ‘आकाशवाणी’. पुढे देशाच्या नभोवाणीनं तेच नाव घेतलं. ट्रान्झिस्टरचा शोध लागला १९४७ मध्ये. त्यामुळे म्हैसूरची ती पहिली आकाशवाणी बोलली ती व्हॉल्व्हच्याच जोरावर.

पिरियापट्टणहून दोनशे किलोमीटरच्या आसपास बंगळूर. तिथं १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनं साठच्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि ते देशभरच्या रेडिओंत बसले. त्यांतला ‘ईएल ८४’ हा व्हॉल्व्ह गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्येही चालतो. बंगळूरचा शिक्का असलेले ते जुने व्हॉल्व्ह परदेशातले हौशी लोक आजही शोधून विकत घेतात. आपल्याकडेही एके काळी सभा असो, लग्न असो की गणपतीचा मांडव, कर्ण्यामागची पेटी व्हॉल्व्हचीच असायची. ती सांभाळणारे मेकॅनिक गावोगाव होते. विद्या होती, ती हळूहळू माळ्यावर गेली, इतकंच.

पेटीत असतं तरी काय?

व्हॉल्व्ह म्हणजे आतली हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यात कॅथोड नावाचा एक भाग बारीक तारेनं तापवला जातो. तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या प्लेटकडे धाव घेतात, कारण प्लेटवर दोनशे-तीनशे व्होल्टचा धन दाब असतो. वाटेत असते एक जाळी, तिला म्हणतात ग्रिड. सगळी जादू या जाळीत!

शेतात पाण्याला दारं धरणारा माणूस आठवा. फावड्यानं माती थोडी इकडं-तिकडं केली की पाटाचं सगळं पाणी कमी-जास्त होतं. ग्रिडचं काम नेमकं तेच. गिटारच्या तारेतून येणारा संदेश अगदी दुबळा, एका व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास. तो ग्रिडवर दिला की त्याच्या चढ-उताराप्रमाणे इलेक्ट्रॉनचा मोठा लोंढा कमी-जास्त होतो. ‘ईसीसी ८३’ हा नेहमी वापरात असलेला व्हॉल्व्ह एका टप्प्यात हा संदेश सहज पन्नास पट मोठा करतो.

पुढच्या टप्प्यात ताकदीचा व्हॉल्व्ह येतो. त्याच्याकडे व्होल्टेज भरपूर, पण विद्युतप्रवाह थोडा. स्पीकरला हवं असतं उलटं. म्हणून दोघांच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसतो आणि हा व्यवहार जुळवून देतो. याचा एक नियम शिकाऊ माणसानं पाठ करून ठेवावा: स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीही वाजवायचा नाही. स्पीकर नसेल तर ट्रान्सफॉर्मरमध्ये भलताच दाब उसळतो आणि पेटीतला सगळ्यांत महाग भाग जळून जाऊ शकतो.

मग इतका खटाटोप करून वादकांना व्हॉल्व्हच का हवा? साध्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरवर ताकदीबाहेर भार टाकला की आवाजाची लाट कात्रीनं कापल्यासारखी एकदम तुटते आणि कानाला बोचते. व्हॉल्व्ह हळूहळू दबत जातो, लाटेची टोकं गोलसर होतात. आवाज फाटतो, पण भरदार होऊन फाटतो. तार हळू छेडली की स्वच्छ, जोरात छेडली की खरखरीत, हे बोटांच्या इशाऱ्यावर होतं. गिटारवादकांना हवा असतो तो हाच इशारा.

पहिला धडा भीतीचा

आता महत्त्वाचं. या पेटीत तीनशे, कधी चारशे व्होल्टचा एकदिश दाब असतो. प्लग काढला म्हणजे धोका संपला, असं मुळीच नाही. वीजपुरवठा गुळगुळीत करणारे मोठे कंडेन्सर बंद पेटीतही वीज साठवून बसलेले असतात. माळ्यावरून नुकत्याच काढलेल्या, प्लगला न लावलेल्या पेटीलाही आधी मीटर लावूनच हात घालावा.

म्हणून शिकणाऱ्यानं हाताला वळण लावून घ्यायचं. प्लग काढायचा. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी उतरवायची. दहा हजार ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर वेष्टन असलेल्या क्लिपांनी जोडून कंडेन्सरमधली वीज रिकामी करायची. काही जण स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढतात. त्यानं कंडेन्सरही खराब होतो आणि माणूसही दचकतो. मग मीटर लावून पाहायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा पाहायचं, कारण रिकामा केलेला कंडेन्सर थोडा दाब परत दाखवतो. चालू पेटीत मोजमाप करावंच लागलं तर एका हातानं, दुसरा हात खिशात. दोन्ही हात गुंतले की झटक्याची वाट छातीतून जाते. आणि एकट्यानं, झोप डोळ्यांवर असताना हे काम करायचंच नाही.

घरात ईएलसीबी बसवला आहे, म्हणून निर्धास्त राहणंही चुकीचं. पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे बसणारा झटका त्याला कळतच नाही.

हा धोका फक्त मेकॅनिकचा नाही, वाजवणाऱ्याचाही आहे. गिटारच्या तारा वायरमधून ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला, म्हणजे चॅसीला, जोडलेल्या असतात. चॅसीत वीज उतरली तर ती थेट वादकाच्या बोटांत! ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झी इथं भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून गेला. ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरात गिटार वाजवताना विजेच्या झटक्यानं गेला. तिथंही दोष अर्थिंगचाच होता. त्यामुळे तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडून काम भागवणं, हे मरणाला आमंत्रण आहे. पेटीचं अर्थिंग तपासावंच. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर जोडलं आहे की नाही, तेही वायरमनकडून पाहून घ्यावं.

जुना रेडिओ फोडून त्याचा ॲम्प्लिफायर करण्याचा मोह अनेकांना होतो. तिथंही सावध राहायला हवं. ‘एसी-डीसी’ म्हणून विकल्या गेलेल्या पुष्कळ रेडिओंत मुख्य ट्रान्सफॉर्मर नसतो. घरातली वीज सरळ चॅसीवर येऊ शकते. असा रेडिओ नवशिक्यानं लांबच ठेवावा.

सिरीजचा बल्ब आणि पेन्सिल

दुरुस्तीला लागणारी हत्यारं मोजकी. हजार व्होल्टपर्यंत मोजणारा मीटर, पंचवीस ते चाळीस वॅटची सोल्डरिंग आयर्न, नोकदार पक्कड, कटर. आणि आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या दुकानात भिंतीला ठोकलेला असतो तो सिरीज बोर्ड. साठ किंवा शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब यंत्राच्या वाटेत जोडलेला. एलईडीचा बल्ब इथं चालत नाही. अनोळखी पेटी पहिल्यांदा या बोर्डावरूनच चालू करायची. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बहुधा ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे. पण बल्ब मध्ये असल्यामुळे पेटी जळत नाही. इतक्या किरकोळ सामानात एवढी राखण दुसरं कुणी करत नाही!

त्यानंतर येतं निदान. वैद्य नाडी धरतो तसा मेकॅनिक आधी ऐकतो. घूंऽऽ असा जाडा गुंजारव येत असेल तर संशय कंडेन्सरवर. आतलं रसायन वर्षांनुवर्षांत सुकून जातं. आवाजाचं बटण फिरवताना खरखर झाली तर बटणाच्या आतल्या पट्टीवर धूळ बसली आहे. मधूनच कडकड ऐकू आली तर एखादा सोल्डरचा जोड तडकला असेल. लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारावी. स्पीकरमधून टणटण ऐकू आलं तर तो व्हॉल्व्ह आतून ढिला झालाय. ताकदीच्या व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद दिसली तर मात्र एक क्षणही न दवडता बंद करायचं. बऱ्याचदा आधीच्या टप्प्यातला एखादा कंडेन्सर गळतो, ग्रिडवर भलता दाब येतो आणि व्हॉल्व्हचा लगाम सुटतो.

नवशिक्यांची एक खोड असते: एकदम चार भाग बदलायचे. पेटी चालू होते, पण आजार कोणता होता ते कळतच नाही. एका वेळी एकच भाग बदलावा, वहीत लिहावं, मग पुढं जावं. पाच-सहा पेट्या अशा दुरुस्त केल्या की आराखड्यातल्या रेघा बोलायला लागतात.

मग बांधायचा तो लहानच

बांधायला घेताना पन्नास वॅटचं स्वप्न बाजूला ठेवावं. फेंडरचा पन्नासच्या दशकातला ‘चॅम्प’ हा जगभरच्या शिकाऊंचा आवडता नमुना. त्यात अवघे तीन व्हॉल्व्ह: एक संदेश मोठा करणारा, एक ताकदीचा, एक घरच्या विजेला एकदिश करणारा. स्पीकर आठ इंची, ताकद जेमतेम पाच वॅट. पाच वॅट ऐकून नाक मुरडू नये! आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर ताकद साधारण दहा पट लागते. म्हणजे पन्नास वॅटचा ॲम्प्लिफायर या पाच वॅटवाल्याच्या दुप्पटच मोठा वाटतो. बंद खोलीत पाच वॅटनंही शेजारी दार ठोठावतात.

अमेरिकन आराखडा वापरताना एक गोष्ट विसरू नये. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. मुख्य ट्रान्सफॉर्मर आपल्या विजेचाच हवा. रेझिस्टरवरचे रंग वाचायला शिकावं: काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, करडा आठ, पांढरा नऊ. पहिले दोन रंग म्हणजे आकडे, तिसरा म्हणजे त्यापुढची शून्यं. तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे एक लाख ओहम. घरातल्या लहानग्यांनाही हा खेळ आवडतो.

व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन तारा वेणीसारखा पीळ घालून, चॅसीच्या कोपऱ्याला चिकटवून न्याव्यात. नाही तर गुंजारव पाठ सोडत नाही. गिटारकडून येणारी नाजूक तार ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवावी. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा काम करताना खाणं-पिणं नको, उठल्यावर साबणानं हात धुवावेत. सगळं जोडून झालं की लगेच बटण दाबायचं नाही. आराखड्यावर प्रत्येक जोड बोटानं तपासून त्यावर रंगीत पेन्सिलीनं खूण करायची. मग सिरीज बोर्डावर, स्पीकर जोडून, पहिली परीक्षा. व्हॉल्व्ह तापायला वीस-तीस सेकंद लागतात. त्या अर्ध्या मिनिटात शिकणाऱ्याच्या छातीत काय होतं, ते त्यालाच ठाऊक!

माल कुठं, गुरू कुठं?

आज नवे व्हॉल्व्ह येतात ते मुख्यतः रशियातलं साराटोव्ह, स्लोव्हाकियातलं चाडका आणि चीन इथल्या कारखान्यांतून. जगाचा सगळा पुरवठा अशा मोजक्या हातांत असल्यामुळे २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटताच रशियन व्हॉल्व्हची निर्यात अडली, तेव्हा जगभरचे वादक हवालदिल झाले. म्हणून हाती आलेला चालू व्हॉल्व्ह फेकू नये. बाकीचं सामान, म्हणजे रेझिस्टर, कंडेन्सर, तारा, बंगळूरच्या एस. पी. रोडवर मिळतं. आपल्याकडे त्यासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे, पुण्याचा पासोड्या विठोबाचा परिसर आहे.

खरी टंचाई आहे ती गुरूंची. व्हॉल्व्हच्या काळात ज्यांनी हात काळे केले, ते मेकॅनिक आज वृद्ध आहेत. त्यांतल्या अनेकांनी नंतर टीव्ही दुरुस्त केले, काहींनी दुकान बंद केलं, मुलांनी मोबाइलचा धंदा धरला. आराखडे पुस्तकांतून मिळतात, इंटरनेटवरही मिळतात. पण सोल्डर कधी चमकली म्हणजे जोड पक्का, कोणत्या वासाला ट्रान्सफॉर्मर तापलाय म्हणायचं, हे कागदावर उतरत नाही. ते शेजारी बसूनच शिकावं लागतं.

तेव्हा पिरियापट्टण असो, हुणसूर असो की आपलं मिरज-निपाणी, ज्याला ही विद्या हवी आहे त्यानं आधी गावातला जुना रेडिओवाला शोधावा. त्यांना काका म्हणावं, आजोबा म्हणावं, पहिले काही दिवस नुसता चहा आणून द्यावा आणि हात कसे चालतात ते पाहावं. त्यांच्याकडची वही, जपून ठेवलेले दोन-चार व्हॉल्व्ह, भिंतीवरचा सिरीज बोर्ड हीच इथली शाळा. फुलर्टनच्या दुकानात याहून फार वेगळं काही नव्हतं.